बेणारेचं नैराश्य रंगमंचावर दाखवायचं म्हणजे नेमकं काय दाखवायचं?

विंगेतून, मालवण

मंडळी, नमस्कार. आमच्या हौशी संचानं विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ बसवायला घेतलंय. त्यात हौशी नटांचा एक संच वेळ घालवायला शिक्षिका लीला बेणारेवर लुटुपुटूचा खटला चालवतो, काशीकर न्यायाधीश, सुखात्मे वकील, आणि बघता बघता तो खटला खरा होऊन बसतो. प्रयोग दिवाळीनंतर, मामा वरेरकर नाट्यगृहात. वाचनं आटोपली, पहिला अंक उभा राहिला आणि तिथेच गाडं अडलंय.

दिग्दर्शकाचं म्हणणं, लीला बेणारे पहिल्या पावलापासून नैराश्यात आहे. पोटात मूल, प्रोफेसर दामलेनं हात वर केलेले, पोंक्षे आणि रोकडे दोघांनी लग्नाला नकार दिलेला. तेव्हा चाल मंद, आवाज खालचा, नजर जमिनीकडे. बेणारे करणारी मुलगी म्हणते, मग पहिल्या अंकातली टिंगल, गाणी, चेष्टा हे सगळं मी कुठल्या तोंडानं करू? दोघांचंही पटतं, म्हणून पंचाईत.

संचातल्या एकानं फ्रॉइडचा शोक आणि विषादावरचा निबंध वाचून चार पानी टिपण आणलंय. त्यात ‘अहं’, ‘आलंबन’, ‘छाया’ सगळं आहे, पण तालमीत त्याचं करायचं काय ते कुणाला कळेना. विचारायचंय ते असं : मनोविश्लेषणाच्या अंगानं बेणारेचं नैराश्य वाचायचं तर कुठली मांडणी संहितेला धरून बसते आणि कुठली ओढूनताणून आणल्यासारखी होते? शेवटचं लांब स्वगत नेमकं कोणाशी आहे? आणि हे नटीच्या अंगात कसं उतरवायचं? म्हणजे कुठे थांबायचं, कुठे बघायचं, इतक्या बारीक पातळीवर. ‘संहिता पुन्हा वाचा’ एवढंच उत्तर नको, ती पाठ झालीये.

सुरंगी

आधी निदान आणि वाचन वेगळं करू. दवाखान्यात नैराश्याचं निदान करायचं तर नऊ लक्षणांपैकी किमान पाच, किमान दोन आठवडे हवीत, आणि त्यांत उदास मन किंवा कशातच गोडी न वाटणं यांपैकी एक तरी हवंच. बेणारे आपल्यासमोर येते ती एका बैठकीपुरती. दोन आठवडे कुठून आणणार? तेव्हा ‘तिला डिप्रेशन आहे का’ हा प्रश्नच सोडून द्या. तिचं काय हरवलंय आणि त्याचा राग कुठे गेलाय, हे शोधा. मनोविश्लेषण नाटकवाल्याला देऊ शकतं ते एवढंच, पण ते पुष्कळ आहे.

फ्रॉइडनं तो निबंध 1915 मध्ये लिहिला, छापून आला 1917 मध्ये. त्याआधी 1911 मध्येच त्याचा सहकारी मनोविश्लेषक कार्ल अब्राहमनं शोक आणि नैराश्य शेजारी शेजारी ठेवून पाहिले होते. शोकात काय गेलं ते माणसाला ठाऊक असतं. जग ओस वाटतं, पण ‘मी’ शाबूत असतो. मन एकेका आठवणीपाशी जाऊन तिथली गाठ सोडवत बसतं. वेळ लागतो, पण सुटते. आपल्याकडे दहाव्याला पिंड ठेवून कावळ्याची वाट बघतात आणि तो शिवेना तर गेलेल्याची राहिलेली इच्छा पुरी करू असं मोठ्यानं कबूल करतात. हे त्याच कामाचं उघड्यावर, चारचौघांत केलेलं रूप म्हणता येईल. विषादात कोण गेलं ते कळतं, त्या माणसात आपलं काय होतं जे गेलं, ते कळत नाही. गाठ सुटत नाही. मग मन त्या माणसालाच आत ओढून घेतं आणि त्याच्यावरचा राग स्वतःवर काढतं. म्हणून आत्मनिंदा ही विषादाची खूण. फ्रॉइडची कसोटी तालमीत फार कामाची आहे : असा माणूस स्वतःला जे दोष देतो ते नीट ऐकावेत, किंचित फरक केला की ते दुसऱ्याच कुणाला जास्त लागू पडतात.

ही कसोटी घेऊन हातात पेन्सिल धरा आणि बेणारे स्वतःला दोष देते ती वाक्यं अधोरेखित करा. पहिल्या दोन अंकांत जवळपास काही हाती लागणार नाही. उलट शाळा, वक्तशीरपणा, वर्गातली मुलं याबद्दल तिला चांगला अभिमान आहे. दोष देतात ते बाकीचे. विषादात जे न्यायालय डोक्यात भरतं ते इथे टेबल-खुर्च्या मांडून रंगमंचावर भरलंय. 1923 मध्ये फ्रॉइडनं ज्याला पराहं म्हटलं, तो आतला कठोर न्यायाधीश इथे काशीकरांच्या रूपानं कान कोरत बसलाय. त्यामुळे ‘बेणारे विषादग्रस्त आहे’ हे सरळसोट वाचन फसतं. नाटककारानं आतलं बाहेर आणून ठेवलंय आणि ते तुम्ही पुन्हा तिच्या आत कोंबायला निघालात, तर बाकीच्या पात्रांना काम उरत नाही.

आत्मनिंदा येते ती शेवटच्या स्वगतात. तिथेही सगळ्या ‘मी’वर नाही, शरीरावर. कोवळ्या वयात मामावर केलेलं प्रेम आणि पुढे दामलेवर केलेली भक्ती, दोन्हींचं खापर ती शरीरावर फोडते. आणि तेच शरीर तिला हवंसंही आहे, कारण त्यात मूल आहे. आता कसोटी लावा. शरीराला दिलेले बोल किंचित फरकानं कुणाला लागू पडतात? मामाला आणि दामलेला. राग त्यांच्यावरचा, पडला देहावर. या एका जागी फ्रॉइड अगदी नेमका बसतो.

पहिल्या अंकासाठी मात्र फ्रॉइडनंतरच्या मनोविश्लेषक मेलनी क्लाइनकडे जा. तिच्या 1935 आणि 1940 च्या निबंधांत उन्मादी बचाव ही कल्पना आहे. हानी सोसवेना की मन ती नाकारतं, आणि नाकारण्याच्या तीन रीती असतात : ताबा, विजय आणि तुच्छता. सामंत या गावातल्या साध्या माणसाला बोलण्यात गुंतवून ठेवणं हा ताबा. माझ्या कामाला कुणी बोट लावू शकत नाही हा विजय. सुखात्मे, पोंक्षे, काशीकर यांची सामंतपुढे उडवलेली टर ही तुच्छता. म्हणजे तुमच्या मुलीचं बरोबर आहे. दिग्दर्शकाचंही अर्धं बरोबर आहे : नैराश्य पहिल्या अंकापासून आहेच, फक्त तिथे ते बडबडीच्या रूपात आहे.

तिसरी घंटा, रत्नागिरी

सुरंगीताईंनी लिहिलंय ते तालमीत उतरवण्यापुरतं सांगतो.

पहिल्या अंकात वेग वाढवा. दोन वाक्यांमधली फट बुजवून टाका. बेणारे श्वास घेते तो वाक्याच्या मध्ये, शेवटी नाही, कारण शेवटी थांबली तर शांतता येईल आणि शांतता तिला परवडणारी नाही. हे एवढं केलंत तरी प्रेक्षकाला काहीतरी खुपायला लागतं. उदास चेहरा लागत नाही.

फट दाखवायची ती फार तर दोन-तीन ठिकाणी. पहिली तर संहितेतच आहे : सुरुवातीलाच दाराच्या कडीत तिचं बोट चिमटतं. बहुतेक नट्या ‘आई गं’ करून ते बोट विसरून जातात. विसरू देऊ नका. ते बोट निदान चार-पाच मिनिटं जिवंत ठेवा. बोलता बोलता तोंडात घालणं, झटकणं, आणि सामंतची पाठ वळली की एकदाच, नुसतं एकदा, त्याच्याकडे बघणं. त्या बघण्यात ती पहिल्यांदा गप्प असते. दीड सेकंद पुरे. पुढे तेच दार बाहेरून अडकतं तेव्हा या बोटाची आठवण प्रेक्षकाला झाली पाहिजे.

हात पोटावर नेणं पूर्ण बंद. ते करणाऱ्या दर तीन नट्यांपैकी तिघींना वाटतं की आपल्यालाच सुचलं. प्रेक्षकाला बातमी आधीच फुटते आणि पोंक्षेच्या साक्षीतला दम जातो.

आरोप वाचला जातो तिथे उतार नको, तोड हवी. भ्रूणहत्या हा शब्द पडला की आधी श्वास अडकतो, मग हात थांबतात, चेहरा सगळ्यात शेवटी. आमच्याकडे हे उलटं होतं, चेहरा आधी पडतो आणि मग नटी उभी राहण्याची जागा शोधते. दोन सेकंदांपेक्षा जास्त लांबवू नका. पाच सेकंद केले की तो धक्का न राहता ‘धक्क्याचा अभिनय’ होतो.

तिसऱ्या अंकात ती फारशी बोलतच नाही. खऱ्या नैराश्यात उत्तर उशिरा येतं, हालचाल जड होते, हे खरं. पण नटीनं उत्तर लांबवलं की समोरचे तिच्यासाठी थांबतात आणि अख्खा अंक ओल्या वाळूत रुतल्यासारखा होतो. तेव्हा उलटं करा : तिनं लांबवायचं, समोरच्यांनी थांबायचं नाही. सुखात्मेनं प्रश्न टाकायचा, उत्तराची वाट न बघता दुसरा टाकायचा. तिचं मौन त्यांच्या घाईतून दिसतं.

आवाजाबद्दल. खालचा आवाज म्हणजे नैराश्य नव्हे, सपाट आवाज म्हणजे नैराश्य. आपल्याकडच्या सभागृहांत पंख्यांची घरघर असते, खालचा आवाज पाचव्या रांगेत मरतो. पट्टी तीच ठेवा, चढउतार काढा. सरावाला वाण्याची यादी घ्या : साखर दोन किलो, तूरडाळ एक किलो, खोबरेल अर्धा लिटर. ती पूर्ण आवाजात, एकाच सुरात दोन मिनिटं वाचायची आणि त्याच सुरात नाटकातलं वाक्य घ्यायचं. चार दिवसांत जमतं.

नजर जमिनीवर नको. जमिनीवरची नजर म्हणजे बाल्कनीला नुसता भांग दिसतो. समोरच्याच्या हातांच्या उंचीवर ठेवा. माणसाकडे बघते आहे पण डोळ्यांत बघत नाही, हे दुरूनही कळतं.

खाडीपलीकडचा

दोघांचंही वाचलं, आवडलं. पण एक आडकाठी घालतो.

सुखात्मे त्या खटल्यात काय करतो? तिचं बालपण, तिचं आजोळ, तिचे मित्र, तिची पर्स, सगळं पुरावा म्हणून पुढे ओढतो. लहानपणीच्या मामाची गोष्ट कर्णिक साक्षीत सांगतो ती कशासाठी? हिच्यात आधीपासूनच खोट आहे हे ठरवण्यासाठी. आता आपण ‘बालपणीच्या आघातामुळे तिला नैराश्य’ असं प्रयोगाच्या पत्रिकेत छापलं, तर आपणही साक्षीदारांच्या रांगेत जाऊन उभे राहिलो की. दामले मात्र त्या अख्ख्या नाटकात एकदाही रंगमंचावर येत नाही. त्याचं मनोविश्लेषण कुणी करत नाही, ही गंमत बघा. तेव्हा मांडणी वापरा, पण टिपणात तिला रोगी म्हणू नका. आणि तिची आई कशी होती यावर इमले बांधू नका, संहितेत आईला जागा किती आहे ते मोजून बघा.

दुसरं, शब्दांचं. ‘शोक’ आणि ‘विषाद’ ही जोडी आपल्याकडे फ्रॉइडच्या फार आधीपासून आहे. नाट्यशास्त्रात शोक हा स्थायीभाव, त्यातून करुण रस. विषाद, निर्वेद, दैन्य, ग्लानी हे तेहेतीस व्यभिचारी भावांतले, येणारे-जाणारे. करुणाला आलंबन लागतं : कोण गेलं ते प्रेक्षकाला स्पष्ट दिसावं लागतं. दशावतारात राणीचा विलाप चालतो तेव्हा हार्मोनियम आणि पखवाजाच्या साथीनं ती सगळं मोकळं करते. मांडावर, म्हणजे खेळाच्या जागी, बसलेल्या बायका पदर डोळ्याला लावतात, कारण आलंबन लख्ख आहे. फ्रॉइडच्या विषादात आलंबनच झाकलेलं. म्हणून बेणारे विलापाच्या थाटात केली की आपल्या भागातला प्रेक्षक हमखास रडतो, आणि हमखास चुकीच्या गोष्टीसाठी रडतो. त्याला वाटतं दामले सोडून गेला म्हणून ही रडते.

गीतेतला अर्जुनाचा विषादही इथे उपयोगी नाही, कुणी सुचवण्याआधीच सांगून ठेवतो. गात्रं गळतात, तोंडाला कोरड पडते, गांडीव हातातून निसटतं, हे सगळं पुढे होणाऱ्या हानीच्या भीतीनं. ती चिंतेची लक्षणं जास्त. आणि त्याला ऐकणारा समोर बसलाय. बेणारेला तोच नाही.

नैराश्यापेक्षा शोक बघायचा असेल तर वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचे आपले जयवंत दळवी आहेत. ‘संध्याछाया’, 1973. नाना-नानींचं काय गेलं ते उघड : एक मुलगा अमेरिकेत, दुसरा युद्धात गेलेला. तिथे आत्मनिंदा शोधत बसू नका. गाठ सोडवून मन पुन्हा लावायचं तर लावायला जागा हवी, ती त्या घरात उरलेली नाही. ‘नटसम्राट’मधल्या बेलवलकरांचं पुन्हा तिसरंच. ते जगावर उघड चिडतात, त्यामुळे राग आत वळला असं म्हणताच येत नाही. तिथे मनोविश्लेषक एडवर्ड बिब्रिंगची 1953 ची मांडणी जवळची वाटते : आपण कोण असावं याची मनातली उंची तशीच, तिथे पोचायची ताकद गेलेली, आणि ते कळतंय. एकच किल्ली सगळ्या कुलपांना लावू नये म्हणून हे लिहिलं.

विंगेतून, मालवण

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळं छापून तालमीच्या खोलीत लावलंय.

खाडीपलीकडचे सर, टिपणातून ‘रुग्ण’ शब्द काढला. पण त्यातून नवा प्रश्न आला. न्यायालय बाहेर आहे म्हणता, तर मग काशीकर, सुखात्मे वगैरे मंडळी एवढी चवताळतात का? आमचे नट त्यांना नुसते दुष्ट करतायत. काशीकर तर हिंदी सिनेमातला ठाकूर वाटायला लागलाय.

आणि स्वगताचं कुणी नीट सांगितलं नाही.

सुरंगी

चवताळण्याचं उत्तर पहिल्या अंकात बेणारेनंच देऊन ठेवलंय, सामंतला ओळख करून देताना. काशीकर-बाईंना मूल नाही, म्हणून रोकडेला वाढवलं. सुखात्मे वकील, पण वकिली चालत नाही. पोंक्षे शास्त्रज्ञ म्हणवतो, इंटर नापास. एका खोलीत इतक्या हानी, आणि एकाचाही शोक झालेला नाही. या सगळ्यांनी आपापलं अपयश झाकून ‘सोनार मोती टेनेमेंट (मुंबई) प्रोग्रेसिव्ह असोसिएशन’ चालवलंय. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांचा खटला चालवणारी माणसं ही! उन्मादी बचाव फक्त बेणारेचा नाही, अख्ख्या संचाचा आहे, आणि तिनं गंमतीत नेमका त्यावरच नख मारलंय.

आता प्रक्षेपण. स्वतःत जे सोसवत नाही ते दुसऱ्यात आहे असं समजायचं आणि मग त्याला तिथे झोडपायचं. क्लाइनची मांडणी तिच्यानंतरच्यांनी, विशेषतः बिऑननं, याच्या पुढे नेली : झोडपता झोडपता तो दुसरा माणूस खरोखरच तसा वागू लागतो. पहिल्या अंकात हसणारी बाई तिसऱ्या अंकात मुकी होते ती यामुळे. बाकीच्यांनी आपलं नैराश्य तिच्यात ओतलं. म्हणून खटल्याच्या शेवटाकडे ते सगळे ताजेतवाने दिसले पाहिजेत. त्यांना भूक लागलेली, तरतरी आलेली. हे दिसलं की तुमचा काशीकर आपोआप ठाकूर राहणार नाही.

प्रत्येकाला एक काम द्या. काशीकर निकाल देतो तो गर्भ नष्ट करण्याचा. देणारा निपुत्रिक आहे. त्या वाक्यावर नटानं राग आणू नये. एक क्षण, अर्धा सेकंद, बाईंकडे बघावं आणि मग वाक्य पुरं करावं. सुखात्मेला या एका संध्याकाळी खरा खटला मिळालाय. त्यानं काळा झगा सावरणं तिसऱ्या अंकात वाढत न्यावं. काशीकर-बाईंना नवरा घटकेघटकेला गप्प करतो. त्या बेणारेला ओढून पिंजऱ्यात उभी करतात तेव्हा त्यांच्या पकडीत पहिल्यांदा जोर दिसावा. रोकडे बोलतो ते घाबरत, पण एकदा साक्षीला सुरुवात झाल्यावर त्याला थांबवता येत नाही. सामंत सगळ्यांत साधा, त्याला हे काही ओतायचं नाहीये. तो हातातल्या कादंबरीतून साक्ष उचलतो आणि ती खरी निघते. त्याला नेमका म्हणूनच बाहेरच्या माणसासारखा ठेवा.

दुष्टपणा कुणालाच खेळायचा नाही. प्रत्येकानं हलकं व्हायचंय.

तिसरी घंटा, रत्नागिरी

स्वगत. काशीकर तिला बोलायला दहा सेकंद देतो, घड्याळ लावून. हा आकडा विसरू नका, सगळी किल्ली त्यात आहे. ती बोलते कितीतरी मिनिटं, पण बाहेरच्या घड्याळात दहाच सेकंद जातात आणि वेळ संपते. म्हणजे हे कोणीही ऐकलेलं नाही. तेव्हा ते सगळे गोठलेले असतात, आणि स्वगत प्रेक्षकांची सहानुभूती मागण्यासाठीही नाही. प्रेक्षकांकडे सरळ बघून बोललं की ते भाषण होतं.

चार तुकडे पाडा आणि प्रत्येकाला श्रोता ठरवून द्या. आयुष्याबद्दल बोलते तो तुकडा वर्गातल्या मुलांना शिकवल्याच्या सुरात. मामाचा तुकडा आईला. दामलेचा तुकडा त्याच्या रिकाम्या खुर्चीला, एक खुर्ची तशी मोकळी ठेवाच. शरीराचा तुकडा स्वतःच्या हाताला. हात डोळ्यांसमोर आणायचा, पहिल्या अंकात चिमटलेलं बोट त्याच हाताचं असू द्या. आणि मुलाचा उल्लेख येतो तिथे सपाट आवाजात पहिल्यांदा चढउतार परत येतो. वाण्याची यादी तिथे संपते.

चुकतं ते ठरलेलं : पहिल्या वाक्यापासून रडणं. मग मुलापर्यंत पोचेतो नटीकडे काही उरत नाही, नाक गळत असतं आणि व्यंजनं ऐकू येत नाहीत. माझं मत विचाराल तर अश्रू नकोतच. आले तर मुलाच्या तुकड्यात, आणि तेही पुसायचे नाहीत.

स्वगत संपलं की गोठलेली मंडळी जिथे थांबली होती त्याच श्वासापासून पुढे सुरू झाली पाहिजेत. हे सोपं वाटतं, नसतं. प्रत्येकानं आपला शेवटचा अर्धा शब्द लक्षात ठेवायचा आणि परत आल्यावर दुसऱ्या अर्ध्यापासून उचलायचा, असा सराव करून घ्या.

आणखी एक, हे टाळू नका. पर्समधली विषाची बाटली. आपल्या भागात आंबा-काजूच्या बागा, फवारणीची औषधं पडवीत ठेवलेली असतात. बाटलीवर ओळखू येणारं लेबल लावू नका, रंगही त्या औषधांसारखा नको. तोंडाला लावण्याची क्रिया प्रेक्षकांकडे तोंड करून, लांबवून करू नका. पत्रिकेत आणि मध्यंतराच्या घोषणेत टेलि-मानसचा क्रमांक द्या : 14416. केंद्र सरकारची मोफत सेवा, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. घोषणा मध्यंतर संपताना करा. सुरू होताना केली तर लोक बटाटवड्याकडे धावलेले असतात. आणि नटीसाठी : प्रयोगानंतर दहा मिनिटं तिला कुणी भेटायला जाऊ देऊ नका. चहा, तोंड धुणं, कपडे बदलणं, मग अभिनंदन. तालमीतही स्वगत दिवसातून दोनदापेक्षा जास्त घेऊ नका.

डिमरवाला, कुडाळ

मनोविश्लेषण मला पेलणारं नाही, दार आणि उजेड सांगतो.

दाराचा फ्लॅट, म्हणजे नेपथ्यातली खोटी भिंत, आत्ता केलात तर लाकूड पावसाळी हवेत फुगलेलं असणार. नोव्हेंबरात ते सुकून सैल होतं आणि ‘अडकलेलं’ दार नटीनं हात लावताच उघडतं. हा फजितीचा प्रकार या नाटकात फार बघायला मिळतो. म्हणून चौकट लोखंडी पट्टीची घ्या, कडी-कोयंडा खरा, बाहेरून लागणारा, आणि एक माणूस फक्त त्यासाठी फ्लॅटमागे बसवा. फ्लॅटला मागून दोन तिरके टेकू आणि प्रत्येकावर वाळूची गोणी. बेणारे दार ओढते तेव्हा भिंत हलली तर सगळं मुसळ केरात. कडीला खोबरेल लावू नका, आवाज जातो. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे.

स्वगताला निळा उजेड टाकायचा मोह आवरा. बाकीच्यांवरचा उजेड आठ-दहा सेकंदांत एकतृतीयांशावर आणा, तिच्यावरचा आहे तोच ठेवा, वाढवू नका. परत येताना मात्र झटक्यात. हळू परत आलात तर प्रेक्षकाला वाटतं अंक संपला आणि टाळ्या पडतात. त्या टाळ्यांनी पुढचं सगळं मरतं.

खाडीपलीकडचा

टाळ्यांचं अगदी खरं.

शेवटच्या चित्राबद्दल एक. ते बालगीत आधी तिच्याच तोंडी येऊन गेलेलं असतं. चिमणीचं घरटं गेलंय, ती एकेकाला विचारते, आणि जो तो म्हणतो मी नाही नेलं. हानी झालीये आणि आरोपी सापडत नाही, एवढंच ते गाणं आहे. म्हणून शेवटी ते करुण चालीत, व्हायोलिन घालून वाजवू नका. आधी जसं सहज गुणगुणली तसंच, त्याच नटीच्या आवाजात ध्वनिमुद्रित. आमच्या मालवणीत मन असं उतरलं की माणूस म्हणतो ‘माका कायच गोड लागणा नाय’. त्या सुरात.

ती शेवटी किंचित हलते आणि पुन्हा निपचित होते. हे हलणं गाळू नका. विषादातलं सगळ्यात अवघड तेच आहे, उठायचा प्रयत्न दिसतो आणि तो कुठे मोडतो तेही दिसतं. खांदा हलू द्या, डोकं नको. डोकं उचललं की प्रेक्षक ती उठणार म्हणून वाट बघतो.

विंगेतून, मालवण

काल पहिला अंक वेगात घेतला. अकरा मिनिटं कमी झाली आणि बोटाकडे बघण्याच्या जागी खोलीत खरंच शांतता झाली. दिग्दर्शक मान्य करत नाहीत, पण प्रवेशाच्या वहीत त्यांनी ‘मंद’ खोडून ‘भरभर’ लिहिलंय.

शेवटचा प्रश्न डिमरवाल्या दादांना. सामंत तिच्यापुढे तो हिरवा कापडी पोपट ठेवतो, तो तालमीत दिसतच नाही.

डिमरवाला, कुडाळ

पोपट वीतभर असेल तर दिसणार नाही. दीड वीत तरी करा, पोटात कापूस नको, चिंध्या भरा, म्हणजे टेबलावर आडवा न पडता बसतो. कापड पोपटी घ्या, गडद हिरवं नको. आणि त्या टेबलावरच्या दिव्याला अंबर जिलेटिन, म्हणजे पिवळसर रंगाचा पारदर्शक कागद, असेल तर काढून टाका. अंबरखाली हिरवा रंग तपकिरी मारतो, लोकांना वाटेल सामंतनं तिच्यापुढे बटाटा ठेवला. एक छोटा स्पॉट, बिनरंगाचा, डाव्या विंगेतून पोपटाच्या पाठीवर. दिवे लागले की तुम्ही स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसा आणि चोच दिसते का बघा.